मेसच्या दारात अडवलेली रेहेमा

अन्याय रेहेमावर झाला. कधी, तेही सांगते: गेल्या नव्हे, त्याच्या आधीच्या दिवाळीत, भाऊबीजेनंतरच्या सोमवारी, सकाळी दहा वाजून दहा मिनिटांनी. टांझानियात, डोंगराच्या पायथ्याच्या एका साखर कारखान्यात, भारतीय स्टाफच्या मेसच्या दारात. आणि केला कोणी? आपण. राहुरी, नेवासा, कोपरगाव, श्रीरामपूर इथून तिकडे गेलेल्या आठ मराठी माणसांनी. त्या आठांत मी होते, आणि कागदावर सही माझीच होती.

या अंकाच्या संपादकांनी मला ‘परदेशातल्या नोकरीतले हलकेफुलके अनुभव’ मागितले होते. माझा हात पत्रकं लिहून बसलेला. आधी अन्याय, शेवटी मागणी, मध्ये चार ओळी. या वेळी मधली जागा मोठी सोडतेय, कारण तिथे माझी आजवरची सगळ्यात चांगली मैत्रीण उभी आहे.

मी श्रीरामपूरची. वडील मिशनच्या शाळेत मास्तर. कॉलेजात असताना आम्ही चौघीजणी मुलींच्या एसटी पाससाठी, वसतिगृहाच्या पाण्यासाठी पत्रकं काढायचो आणि स्टँडवर वाटायचो. पुढे रसायनशास्त्रात बीएस्सी, साखरेचा डिप्लोमा आणि एका कारखान्याच्या लॅबमध्ये नोकरी. लॅबमध्ये मुली चालतात. पांढरा कोट, काचेच्या नळ्या, फोटोत बरं दिसतं. पॅनवर चालत नाहीत. मी पॅनसाठी अर्ज केला तर साहेब म्हणाले, “पोरी, वर वाफ असती, गडीमाणसं बनियनवर असतात, पाय घसरायचा. तू आपली रस तपासत बस.” मी त्यावर पत्रक काढलं. त्या पत्रकात कँटीनवाल्याने भजी बांधून दिली. मग टांझानियातल्या कारखान्याची जाहिरात दिसली, तेव्हा घरी न विचारता अर्ज भरला आणि भरल्यावर विचारलं.

पॅन म्हणजे काय, ते ज्यांनी नुसती साखर खाल्ली त्यांच्यासाठी. उसाचा रस गाळून, आटवून त्याचा दाट पाक होतो. तो एका खोलीएवढ्या बंद भांड्यात घेतात. आतली हवा ओढून घेतलेली असते, त्यामुळे पाक कमी आचेवर उकळतो आणि करपत नाही. त्यात साखरेची बारीक पूड बियाण्यासारखी सोडायची आणि हळूहळू पाक पाजत तिचा दाणा मोठा करायचा. हे भांडं म्हणजे पॅन. सगळी गंमत पाजण्यात आहे. पाक कमी पडला, की आतला ऐवज अती दाट होतो आणि चांगल्या दाण्यांच्या मधे धुळीसारखा नवा दाणा पडतो. त्याला म्हणतात खोटा दाणा. तो पडला की साखर मळीपासून सुटत नाही. पाणी मारून सगळं विरघळवा आणि पुन्हा मांडा. म्हणून पॅनवाला दर थोड्या वेळाने एका सळईने आतला नमुना काढतो, काचेच्या पट्टीवर पसरतो, उजेडाकडे धरतो, बोटांत चोळतो. यंत्रं आहेत, तरी शेवटचा शब्द बोटांचा. आपल्या जिल्ह्यातली ही बोटं आफ्रिकेतल्या कारखान्यांत मानाने बोलावली जातात. त्याचा मला अभिमान आहे, आणि तो पुढचं सगळं सांगूनही कमी होणार नाही.

तिथले आमचे पॅनवाले गागरे काका. राहुरीकडचे, साठीला टेकलेले, कपाळावर बुक्का, पायात कारखान्याचे बूट आणि तोंडात कायम “आपल्याकडं असं न्हाई”. दाण्याच्या बाबतीत देवमाणूस. फक्त एक खोड. काच बघताना ते पाठ फिरवायचे आणि पट्टीवर तळहाताचा आडोसा धरायचे. दुसऱ्या कोणाला दाणा दिसू द्यायचा नाही.

आणि त्यांची मदतनीस रेहेमा. पंचेचाळिशीची, उंच, डोक्याला फडकं बांधलेली, दोन शिकत्या मुलींची आई. सतरा सीझन पॅनवर काढलेले आणि वहीत हुद्दा ‘मदतनीस’.

मैत्री झाली ती एका नमस्कारामुळे. तिकडे लहानाने मोठ्याला आधी म्हणायचं, “शिकामो.” मोठ्याने म्हणायचं, “मराहाबा.” यात हुद्दा बघत नाहीत, वय बघतात. मला हे विमानतळावरून आणणाऱ्या ड्रायव्हरने वाटेत शिकवलं होतं. पहिल्या दिवशी पॅनच्या जिन्यावर रेहेमा समोर आली, मी “शिकामो” म्हटलं आणि ती जिन्यातच थांबली. आमच्या आठांपैकी कोणी तिला आजवर तसं म्हटलंच नव्हतं.

“मराहाबा,” ती म्हणाली. मग हसायला लागली. “तुला कोणी सांगितलं, मी म्हातारी आहे म्हणून?”

आम्ही मोडक्यातोडक्या स्वाहिलीत बोलायचो. इथे मी ते सरळ मराठीत लिहितेय. ती मला ‘दादा’ म्हणायची, कारण तिच्या भाषेत दादा म्हणजे बहीण. मेसमध्ये हे कळल्यावर आमची मंडळी आठवडाभर मला “काय दादा, जेवले का?” विचारत होती.

रविवार आमचे. दलादला नावाची लहान बस असते, आपल्याकडच्या काळी-पिवळीची बहीणच. ‘भरली’ हा शब्द तिला माहीत नाही. तिच्यात बसून रेहेमाने मला तिचा मुलूख दाखवला. गोरखचिंचेची झाडं, ज्यांच्या बुंध्याला आमच्या घरातली सगळी माणसं हात धरून उभी राहिली तरी वेढा पुरणार नाही. आणि घायपाताचे मळे! आपण बांधावर कुंपणाला लावतो आणि विसरतो, ते घायपात तिथे ओळीत, मैलोन्‌मैल, दोर वळायच्या वाखासाठी. मी ओरडले, “हे आमच्याकडे पण आहे!” रेहेमा म्हणाली, “मग त्याचं काय करता?” मी म्हटलं, “शेळ्या अडवतो.” तिने हे बसमध्ये सगळ्यांना सांगितलं. बस हसली.

तिच्या गावी, तिच्या आईच्या अंगणात मी उगाली खाल्ली. मक्याच्या पिठाची घट्ट उकड, हाताने वळायची, खळगा करायचा, त्यात घेवड्याचं कालवण भरायचं. मी पिशवीतून ठेचा काढला. रेहेमाच्या आईने बोटभर चाखला, डोळे पुसले आणि म्हणाली, “ही मुलगी दिसते तशी नाही.” चर्चमध्ये गेलो तर चाल ओळखीची! शब्द त्यांचे, चाल आमच्या श्रीरामपूरच्या रविवारची. मी मराठीत गायले, त्या स्वाहिलीत. कोणाचंच अडलं नाही.

पण सोमवार ते शनिवार जेवायला मी मेसमध्ये आणि ती कँटीनमध्ये. नियमच होता. भारतीय मेसच्या जाळीच्या दाराच्या आत तिथल्या कामगाराने यायचं नाही. ‘खाण्यापिण्याचं वेगळं असतं’ हे त्याचं कारण. मी पत्रकवाली. मला हे पहिल्या दिवशीच खटकलं. आणि मी सहा महिने तिथेच बसून वरण-भात खाल्ला. हेही लिहून ठेवते.

तर तो सोमवार. गागरे काकांच्या गावाकडच्या कारखान्याचा सीझन त्या दिवशी सुरू होत होता. गव्हाणीची पूजा, पहिली मोळी. गव्हाण म्हणजे ऊस जिथून आत पडतो ती जागा. हा सोहळा तिथल्या माणसाला काय असतो, ते परक्याला कळणार नाही. काकांच्या पुतण्याने व्हिडिओ कॉल लावला होता. आचाऱ्याने मोबाईल लोणच्याच्या बरणीला टेकवून ठेवला, उदबत्ती लावली. शिफ्टचे इंजिनिअर आले, फिटर आले, लॅब सोडून मी आले. पॅन उकळत ठेवून काका आले.

निघताना त्यांनी रेहेमाला एकच शब्द सांगितला: “उसिगुसे.” हात लावायचा नाही.

पुढचं तिने मला नंतर सांगितलं. काका गेल्यावर पॅनचा आवाज बदलला. सतरा सीझन तिला कोणी काच दाखवली नव्हती, म्हणून ती कानाने शिकली होती. पाक कमी पडायला लागला की उकळीचा आवाज जड होतो. तिने सळई ओढली, काच धरली. चांगल्या दाण्यांत धूळ दिसायला लागली होती. पाकाची झडप थोडी उघडली असती, तर वाचलं असतं. पण ‘हात लावू नको’ म्हटल्यावर झडपेला हात लावणारा कामगार दुसऱ्या दिवशी गेटबाहेर असतो. ती पळत जिना उतरली, आवार ओलांडलं, मेसच्या दाराशी आली. आचाऱ्याने अडवलं. “साहेब लोक पूजा बघतायत. थांब.”

ती जाळीतून ओरडली, “बाबा गागरे! पॅन!”

आत त्याच क्षणी मोळी पडली. आम्ही सगळे टाळ्या पिटत होतो. मी वळून बघितलं. जाळीपलीकडे ती होती. आणि मी हात वर करून खूण केली: दोनच मिनिटं.

माझ्या सगळ्यात चांगल्या मैत्रिणीला मी केलेली ती खूण. पत्रकात असती तर मी तिला काळ्या चौकटीत छापली असती.

खोटा दाणा पडला. पॅन विरघळवावा लागला. दुपारी शिफ्टच्या वहीत रिपोर्ट तयार झाला: ‘पॅन मदतनिसाच्या हलगर्जीमुळे.’ खाली शिफ्ट केमिस्टची, म्हणजे माझी, सही लागते. इंजिनिअर म्हणाले, “कर गं सही, आपलीच माणसं आहेत.” मी केली. मन म्हणालं, परक्या देशात, पहिल्याच सीझनला, सगळ्यांशी वैर कशाला? रेहेमाला पॅनवरून काढून प्रेसमडच्या यार्डात पाठवलं. रस गाळून उरलेला काळा, आंबट वासाचा चिखल ट्रॉलीत भरायचा. आणि खरी गोष्ट त्याहून मोठी होती. पुढच्या महिन्यात पॅनवाल्यांची परीक्षा होती. सतरा सीझननंतर पहिल्यांदा तिचं नाव यादीत होतं. ते कापलं.

दोन दिवस मला जेवण गेलं नाही. तिसऱ्या दिवशी मी मला येतं ते केलं. पत्रक काढलं. मोबाईलवरचा शब्दकोश घेऊन स्वाहिलीत लिहिलं, टाऊनात छापून आणलं, पहाटे कँटीन, सायकल स्टँड आणि दवाखान्याच्या भिंतीला चिकटवलं. मथळा: ‘बिचाऱ्या रेहेमाला न्याय द्या!’ खाली: ‘न्यायप्रेमी कामगार.’ फार बरं वाटलं मला.

रविवारी रेहेमा माझ्या क्वार्टरवर आली. हातात ते पत्रक, गुंडाळी केलेलं. मी “शिकामो” म्हटलं. तिने “मराहाबा” म्हटलं नाही.

“माझी धाकटी दवाखान्यात गेली होती. भिंतीवर आईचं नाव वाचून आली. मी बिचारी आहे?”

“नाही.”

“मला विचारलंस?”

“नाही, पण—”

“हे न्यायप्रेमी कोण?”

मी तिच्यासाठी खुर्ची ओढली.

“दादा, रिपोर्टवर तुझी सही आहे. भिंतीवर नाही. उलट असायला हवं होतं. रिपोर्टवर नको होती, भिंतीवर हवी होती.” तिने ते पत्रक माझ्या टेबलावर ठेवलं. “आणि भाषा फार वाईट आहे. न्यायाच्या जागी तू भलतंच लिहिलंयस. सायकल स्टँडवर पोरं हसतात.”

मी आयुष्यात बरीच भाषणं ऐकली, काही ठोकलीही. एवढं लहान आणि एवढं लागलेलं दुसरं नाही.

लॅबचा एक नियम आहे. वहीत चूक झाली तर खोडरबर चालत नाही, पान फाडायचं नाही. चुकीच्या ओळीवर एकच रेघ मारायची, अशी की खालचं वाचता यावं. शेजारी खरं लिहायचं, वेळ टाकायची, सही करायची. सोमवारी सकाळी मी शिफ्टची वही उघडली, ‘हलगर्जी’वर रेघ मारली आणि लिहिलं: ‘दाणा पडला तेव्हा पॅनवाले व शिफ्ट केमिस्ट दोघेही जागेवर नव्हते, मेसमध्ये होते. मदतनिसास झडपेला हात न लावण्याची आज्ञा होती. ती बोलावण्यास आली असता तिला आत येऊ दिले नाही, व मी तिला पाहूनही उठले नाही. आधीची सही मी चौकशी न करता केली.’ खाली पूर्ण नाव.

मॅनेजर म्हणाले, “याने तुझंच कॉन्ट्रॅक्ट जाईल, कळतंय ना?” मी म्हटलं, “कळतंय. वाचून पोच द्या.” ही सवय मात्र नगरच्या सरकारी कचेऱ्यांनी लावलेली आहे.

मेसमध्ये माझ्याशी बोलणं बंद झालं. गागरे काका तेवढे बोलले, तेही ताटावरून उठून. “लेकीवानी वागवलं तुला आमी. परमुलखात आपल्याच मानसाचं नाक कापलं तू.”

“काका, दाणा का पडला, ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.”

“तू मला दाना शिकवती?”

“नाही. विचारतेय. का पडला?”

काका हात धुवायला गेले आणि परत आले नाहीत. मी त्या दिवसापासून कँटीनमध्ये जेवायला लागले. सहा महिने उशिरा.

चार दिवसांनी काका आपण होऊन मॅनेजरच्या केबिनमध्ये गेले. मी नमुन्याचे आकडे द्यायला तिथे उभी होते. टोपी काढून म्हणाले, “साहेब, पोरीनं लिव्हलंय ते खरं हाय. मी न्हवतो पॅनवर. हात लावू नको म्हनलो, तेबी मीच. दान्याचं खोटं मी आजपतुर कदी बोललो न्हाई, आता या वयात कशाला बोलू? त्या बाईचं नाव यादीत घाला. आन या पोरीला घालवनार आसाल तर माझंबी तिकीट काढा.”

मॅनेजरना पॅनवाला हवा होता. नाव यादीत गेलं. माझं कॉन्ट्रॅक्टही राहिलं.

परीक्षेच्या आधी रेहेमा पॅनवर परत आली. काकांनी सळई ओढली, पट्टीवर नमुना पसरला आणि सवयीने पाठ फिरवली. मग थांबले. परत वळले. पट्टी उजेडाकडे धरून तिच्यासमोर नेली, तळहाताचा आडोसा न करता. स्वाहिलीचे त्यांना चारच शब्द येत होते, म्हणून माझ्याकडे बघून म्हणाले, “तिला सांग, माझ्या वस्तादानं आठ सीझन मला काच दावली न्हाई. चोरून शिकलो मी.”

“तीसुद्धा चोरूनच शिकली, काका. कानाने.”

“व्हय. ठावं हाय मला.” काका काचेकडेच बघत होते. “म्हनून तर भ्या वाटायचं.”

मी ते भाषांतर करून सांगितलं. रेहेमाने पट्टी हातात घेतली, दाणा बोटांत चोळला आणि म्हणाली, “बाबाला सांग, त्याचा दाणा चांगला असतो. पण त्याचे कान कधीच गेलेत.” हे मात्र मी काकांना थोडं सौम्य करून सांगितलं.

परीक्षेचा पॅन तिने एकटीने शिजवला. नमुना माझ्याकडे लॅबला आला. चाळणीवर टाकला, दाणा बघितला. एकसारखा, टोकदार, धुळीचा कण नाही. मी आकडे लिहिले आणि सही केली. या वेळी वाचून, बघून, खात्री करून. त्या सहीइतका अभिमान मला दुसऱ्या कुठल्याच कागदाचा नाही. डिग्रीचासुद्धा नाही. वहीत तिच्या नावापुढे ‘पॅन ऑपरेटर’ आलं. कँटीनमध्ये तिने सगळ्यांना चहा पाजला. काका आले, बसले, कप उचलला. मेसचं जाळीचं दार अजून तिथेच आहे, असं ऐकते. आणि प्रेसमडच्या यार्डात गेलेले ते आठवडे तिला कोणी परत दिले नाहीत, मीही नाही.

दुसऱ्या सीझनला ती माझी उस्ताद झाली. कोट काढून मी पॅनवर उभी राहायला लागले. ती मला डोळे मिटायला लावायची. “ऐक. आता कसा आवाज आहे? आता?” तीन वेळा माझ्याकडून खोटा दाणा पडला. तिन्ही वेळा वहीत माझं नाव लिहून घेतलं तिने, न हसता. चौथ्या वेळी नाही पडला. पाय एकदाही घसरला नाही. वाफ होती, ती बाईला आणि बाप्याला सारखीच लागते.

निघायच्या आदल्या रविवारी आम्ही तिच्या आईच्या अंगणात शेंगा सोलत बसलो होतो. तिला इकडे यायचंय. काका सारखं “आपल्याकडं, आपल्याकडं” म्हणायचे ते कारखाने तिला बघायचेत. तिने विचारलं, “तुमच्याकडे पॅनवर बायका किती?”

मी पाहिलेले सगळे कारखाने आठवले. “मी पाहिली नाही एकही.”

तिला वाटलं माझी स्वाहिली चुकली. तिने परत विचारलं, सावकाश, एकेक शब्द तोडून. मी परत तेच उत्तर दिलं.

“पण इथे आम्हाला शिकवायला तर तुम्हीच येता,” ती म्हणाली, आणि शेंगा सोलत राहिली.

मी परत आलेय. चार कारखान्यांत पॅनसाठी अर्ज दिलेत, रेहेमाच्या सहीचं शिफारसपत्र जोडून. तिघांनी उत्तर दिलं नाही. चौथ्याने लॅबमध्ये जागा आहे म्हणून कळवलं.

हा अंक नगर जिल्ह्यात ज्यांच्या घरी जातो, त्यांतले निम्मे तरी कुठल्या ना कुठल्या कारखान्याचे सभासद असतील. मागणी त्यांच्याकडे आहे, म्हणजे तुमच्याकडे. येत्या वार्षिक सभेला जा. अहवाल आणि नाश्त्याचं पाकीट घेऊन दहा मिनिटांत परतू नका. विषय संपायच्या आत उभे राहा, माईक मागा, नाव सांगा आणि विचारा: आपल्या पॅनवर बाई का नाही, आणि या सीझनला शिकाऊ पॅनवाल्यांच्या परीक्षेला मुलींना बसवणार की नाही? ‘विचार करू’ हे उत्तर घेऊ नका. तुमचा प्रश्न आणि त्यांचं उत्तर सभेच्या इतिवृत्तात लिहून घ्या, आणि ते तुमच्यासमोर लिहिलं जाईपर्यंत खाली बसू नका.